आज तो ‘जातो’ म्हणाला

दुबई, गुरुवार, मार्च २००९

लिही गं ईरा माझ्या वहीत, मला अक्षर येत नाही म्हणून काही गाळू नकोस. तुझा बाबा त्या जपानी ऑफिसात लागल्यापासून रोज दारात ‘इत्तेकिमास’ म्हणायचा. तूच सांगितलंस, “आजी, इट मीन्स, आय विल गो अँड कम बॅक.” म्हणजे आपलं ‘येतो’च की! एवढ्यासाठी जपानी कशाला लागतात, म्हणून मी चिडवायची. नोकरी खलास झाली, तरी इंटरव्ह्यूला निघताना म्हणायचाच. आज मात्र अबुधाबीला इंटरव्ह्यूला निघाला, बूट चढवले आणि म्हणाला, “जातो.” एरवी मी तिथंच टोकलं असतं, ‘येतो’ म्हण रे. आज का नाही टोकलं? नोकरीमागोमाग व्हिसाही संपत आलाय, आता इथून जायचंच, म्हणून?

“आजी, शुड आय राइट धिस?”

लिही. संध्याकाळी आलाय तो, टाय न सोडता बाल्कनीत बसलाय. मला मात्र तो परत आलासा वाटत नाही.