शहाण्या मुलीला औषध नसतं

आई,

काल मुलुंडला गेले होते, लेकीबरोबर. तिचा मुलगा, म्हणजे तुझा पणतू, थेट आपल्या मामाआजोबांवर गेलाय. चावतो, ताट भिरकावतो, हवं ते मिळालं नाही की जमिनीवर डोकं आपटतो. आई आणि मूल यांना एकत्र खेळायला बसवून आईला शिकवायची एक थेरपी असते, ती करणाऱ्या बाई लेकीने फोनवर दुपारभरात शोधून काढल्या. तुला त्याच कामाला मे महिन्याची अख्खी सुट्टी लागली होती. या बाई काचेच्या पलीकडे बसतात आणि आईच्या कानात घातलेल्या यंत्रातून काय बोला, काय बोलू नका, ते हळूच सांगतात. मी त्यांच्या शेजारी बसून बघत होते. लेक मुलाला म्हणाली, "तू गाड्या रांगेत लावतोयस," आणि मी एकदम पाणी मागितलं. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि जळतेय कोणावर, तर चार वर्षांच्या नातवावर.

तुला सगळं आठवत असेल. आपण जोगेश्वरीच्या चाळीत राहायचो. भाऊ पाच वर्षांचा, मी दहाची. त्याने शेजारच्या मुलीच्या दंडाचा चावा घेतला तेव्हा गॅलरीत केवढा तमाशा झाला होता! मग तुझी पायपीट सुरू झाली. नाक्यावरच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि म्हणाले, "मुलगा आहे, चालायचंच." वर्सोव्याच्या मावशीने दृष्ट काढली, वर काळा दोराही बांधला. तो दोरा भावाने दातांनी तोडला. शेवटी त्याच्या बालवाडीच्या बाईंनी सांगितलं की घाटकोपरला एका दवाखान्यात मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई बसतात. बाबा मरोळच्या कंपनीत पाळीवर, मला कुठे ठेवणार? म्हणून दर शनिवारी अंधेरीहून बसने मीही. तू ठेवणीतली साडी नेसून निघायचीस, जणू मुलगी बघायला चाललोय. बसमध्ये भाऊ तुझ्या मांडीवर, पिशवी माझ्या.

मी बाहेर बाकावर. दाराला वरती छोटीशी काच होती, बाकावर उभं राहिलं की आतलं दिसायचं. तू जमिनीवर बसलीयस. तुला जमिनीवर बसलेली मी फक्त भाजी निवडताना पाहिलेली, आणि इथे तुझ्या हातात लाकडी ठोकळे आहेत. बाई कोपऱ्यातून म्हणतात, "प्रश्न विचारू नका. शिकवू नका. तो काय करतोय तेवढंच त्याला सांगा." तू लाजतेस, पदर सारखा करतेस, आणि मग म्हणतेस, "तू लाल ठोकळा निळ्यावर ठेवलास." पुस्तकातल्यासारखं मराठी. घरी आपण मालवणीत भांडायचो, मालवणीतच हसायचो, तुला हे असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. भाऊ तुझ्याकडे बघून हसला. चावऱ्या पोराचं हसू इतकं गोड असेल असं मला वाटलं नव्हतं. मला तो त्या क्षणी अजिबात आवडला नाही.

बाईंनी तसेच ठोकळे घरी आणायला सांगितले आणि रोज थोडा वेळ तसंच खेळायला. तू ते औषधासारखं घेतलंस. जेवणानंतर, हात धुऊन, पडदा ओढून, एक दिवस न चुकवता. खेळ झाला की डबा कपाटावर, टॉनिकच्या बाटलीशेजारी. मी पडद्याच्या अलीकडे बसून ऐकायचे. एकदा धीर करून म्हटलं, "आये, माझ्याशी पण खेळ ना तसा." तू चकित होऊन बघितलंस. "ता त्येचा औषध आसा. तुका काय झालाहा गो? बरी आसस मां तू?" रागावली नव्हतीस तू. बऱ्या माणसाने दुसऱ्याचं औषध घेऊ नये, एवढं साधं होतं ते तुझ्यासाठी.

मग मी आजारी व्हायचं ठरवलं. आमटीची वाटी भिंतीवर फेकली. भावाने फेकली असती तर तू बाईंनी शिकवल्याप्रमाणे श्वास घेऊन थांबली असतीस. मला मात्र सणसणीत थोबाडीत बसली आणि भिंत पुसायला फडकं मिळालं. पुढच्या शनिवारी बाई बाहेर आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही पण येऊ दे की आत एकदा." मी बाकावरून उतरलेसुद्धा. पण तू घाईने म्हणालीस, "नको हो, ती शहाणी आहे." माझं कौतुक केलंस तू! बाईंनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि दार लागलं. परत बाकावर चढून काचेतून बघायचं माझ्या जिवावर आलं.

भाऊ सुधारला. आता तो चांगला माणूस आहे, आणि तुझा विषय निघाला की डोळे पुसत म्हणतो, "आई माझ्याशी काय खेळायची गं!" मी हो म्हणते आणि चहा टाकायला उठते.

माझ्याकडेही तुझी एक आठवण आहे, ती त्याला मी कधी सांगितली नाही. त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, तुझा हात भाजला होता आणि भाकऱ्या मी थापत होते. तू शेजारी पाटावर बसलेलीस. थोड्या वेळाने म्हणालीस, "बरी थापतंस गो. बोटा कशी फिरतत बघ." मी मान वर केली नाही. तू बघत होतीस आणि मी काय करतेय तेवढंच सांगत होतीस, आणि तेही आपल्या बोलीत, बाईंच्या नव्हे. पुढच्याच क्षणाला म्हणालीस, "भाकरी करपता, लक्ष खंय आसा तुजा?" संपलं. इतकी वर्षं मी मनाला सांगत आलेय की भावाला मिळालं ते औषध होतं आणि मला मिळालं ते खरं. कधी कधी पटतं.

काल नाही पटलं. मुलुंडच्या बाई उठता उठता म्हणाल्या, "आजी, पुढच्या वेळी तुम्हीही या ना आत, ठोकळे घेऊन बसू." माझ्या तोंडून आपसूक निघालं, "नको, मी बरी आहे." तुझंच ‘नको’, तुझ्याच घाईने. घरी येईपर्यंत चुटपुट लागून राहिली.

हे कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवीन. पण बाईंनी शनिवारी पुन्हा विचारलं तर मी आत जाणार आहे. लेकीला वाटेल, आजी नातवासाठी आली. तुला म्हणून सांगते, नातवासाठी नाही.