जीपच्या हवेच्या नळीबद्दल

धाकट्या,

कार्बोरेटर चौथ्यांदा खोलू नकोस. तू जीपला बसवलेल्या इंजिनात काही खोट नाही. मॅनिफोल्डखालची हवेची नळी सुटली होती, म्हणून ते आचके देत होतं. सुटली कसली, रविवारी तू जेवायला गेलास तेव्हा मीच काढली.

तीन आठवडे बाबा स्टुलावर बसून तुझ्या हातात पाना-पक्कड देतायत. माझ्या गॅरेजात दहा वर्षांत एकदा टेकले नाहीत. माझ्या पोटात दुखलं, दुसरं काय.

नळी आता नव्या क्लिपने घट्ट बसवली आहे. तुझा राग निवेपर्यंत, दोन दिवस मी माझ्या गॅरेजातच झोपेन.

बिघाड तुलाच सापडला, असं बाबांना सांग. दादाला सापडला म्हणालास, तर त्यांना खरं वाटणार नाही.

दादा