तेवीस तासांचा रोजा

अब्बा, आज माझा रोजा जवळजवळ तेवीस तासांचा झाला. मुंबईच्या विमानतळावर पहाटे सहेरीचं खाणं उरकलं, पाठोपाठ विमान सुटलं, ते सोळा तासांनी न्यूयॉर्कला टेकलं. साडेबारा हजार किलोमीटर. तुमचा ट्रक चादरी भरून सोलापूरहून मुंबईला जायचा तेव्हा आम्हाला तेच जगाचं टोक वाटायचं.

तुमची नात इथं असते. तिला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. मी निघताना फोनवर रडत म्हणाली, "अम्मी, डॉक्टर म्हणतात, शुक्रवार निघाला की मग भीती न्हाय." प्रवासात रोजा माफ असतो, ठाऊक आहे मला. पण खुर्चीला पट्टा बांधून बसलेल्या बाईच्या हातात दुसरं होतं काय? शुक्रवारचा रोजा मी त्या लेकराच्या नावानं धरला.

आणि तो शुक्रवार संपता संपेना. सूर्य खिडकीत आला तो तिथंच रेंगाळला. खाली नुसतं बर्फ, घर नाही, झाड नाही, आणि तासामागून तास सकाळच. मनगटावरचं घड्याळ सोलापूरचं. त्यात मगरिबची, रोजा सोडायची वेळ झाली. तिकडे सोलापुरात घराघरांत खजूर तोंडात गेले असतील, इथं माझ्या डोळ्यांवर लख्ख ऊन. घशाला कोरड पडली होती. हवाई सुंदरी तिसऱ्यांदा पाणी घेऊन आली.

तेव्हा मला बार्शीतलं फुफीचं, तुमच्या बहिणीचं घर आठवलं. मी नऊ वर्षांची, रोजा हट्टानं धरलेला. तुम्ही सोलापूरच्या मशिदीतलं वेळांचं कार्ड खिशातून काढता, फुफी ते बघून म्हणते, "झाली की वेळ," मी पेला उचलते आणि तुम्ही माझा हात धरता. "थांब. सोलापूरचं कार्ड हितं चालत न्हाय. बार्शीत दिवस मिनिटभर मागनं बुडतोय."

"एका मिनिटानं काय हुतंय?" फुफी चिडली.

"माणूस जितं, सूर्य बी तितलाच बघायचा की," तुम्ही म्हणालात. ते मिनिट मी तुमच्यावर डोळे वटारून काढलं.

अब्बा, बार्शीचं ते मिनिट आणि विमानातला हा न संपणारा दिवस एकच आहे. पश्चिमेला थोडं गेलं की मिनिटभर, जात राहिलं की अख्खी सकाळ. जमीन केवढी मोठी आहे आणि किती मुकाट्यानं फिरते, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. पाणी मी परत पाठवलं.

दवाखान्याच्या खिडकीतून शेवटी सूर्य बुडताना पाहिला. काचेच्या पेटीत तुमची पणती श्वास घेते आहे. लेक म्हणाली, "अम्मी, आता पानी पी," आणि मी प्यायले.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही. तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. विमान खाली येऊ लागलं तसे सगळे फोन काढून बसले. मला वाटत होतं, उतरूच नये, हा दिवस असाच लांबत राहावा. वर असेतो मला कुणी काही कळवू शकत नव्हतं. विमान टेकलं, माणसं उतरून गेली, तरी मी फोन चालू केला नव्हता.