सोमवारी मागे ओढलेले काटे

अप्पा,

माझं हे ब्लॉकचेनचं काम तुम्ही गेल्यानंतरचं, म्हणून आधी तेच सांगते. ठरलेली मुदत भरली की आपोआप उघडणारा संगणकी करार असतो. मुदत खरोखर भरेपर्यंत कोण वाट बघत बसणार? म्हणून मी लुटुपुटूची ब्लॉकचेन उभी करते, तिचं घड्याळ हातानं पुढे ढकलते आणि करार वेळेआधीच उघडत नाही ना ते पाहते. त्या बिचाऱ्याकडे दुसरं घड्याळ नसतं. मी सांगेन ती वेळ.

परवा गावी, मेलकावेरीच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात बसूनच हे चाललं होतं. अम्मानं विचारलं, मी समजावलं, तर ती चटणी वाटता वाटता हसली. "तुझे अप्पानीही असंच केलते की. तू मद्रासेस निघालीस ते दिवशी."

मद्रासला संशोधनाच्या जागेसाठी मुलाखत होती. मी दोसै खातेय, डोक्यावरचं घड्याळ निवांत चाललंय. आपण स्टेशनवर पोचलो तर गाडी गेलेली. घरचं घड्याळ मागे पडलंय, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "घड्याळास नाव ठेवू नको. वेळ पाळायचं तुला कधी येणार?" आणि वर कॉफी पाजलीत. घरी येऊन पाहते तर घड्याळ अगदी बरोबर. ती जागा पुन्हा निघाली नाही. तेव्हापासून कुठेही जायचं तर मी फार आधी जाऊन बसते, लोक हसतात.

परवा अम्मानं सगळं उलगडून सांगितलं: काटे तुम्ही मागे ओढलेत, आणि आपण स्टेशनवर असताना अम्मानं ते जागेवर आणले. का, तर सोमवारी सकाळच्या राहुकाळात, त्या अशुभ दीड तासात, पोरीनं उंबरा ओलांडू नये. जाऊ नको म्हणाला असतात तर मी रडले असते, भांडले असते, चालत स्टेशन गाठलं असतं. ते भांडणच तुम्ही चोरलंत, अप्पा, आणि खापर माझ्या डोक्यावर फोडलंत. मला फार राग आलाय. अम्मावर काढावा तर ती म्हणते, "तुझे बऱ्याकरताच की."

हे पत्र पाठवू तरी कुठे? आज सोमवार. करार चाचणीत खरा उतरला, आता खऱ्या ब्लॉकचेनवर चढवायचा होता. तिथलं घड्याळ माझ्या हातात नाही. सकाळी उठल्यापासून सगळं तयार होतं. राहुकाळ सरल्यावरच मी बटण दाबलं.