साभार : इंटरनेट

प्रिय आत्या,

तुला आणि काकांना नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फक्त माझा 'चेहऱ्यावरील भावना' हा पाठ मरता मरता वाचतोय, त्याची ही हकिकत.

झालं असं, की आमच्या विद्यापीठाने प्राध्यापकांचे पाठ वेबसाइटवर टाकायचं ठरवलं आणि त्यांत काय कुठून घेतलंय ते तपासायला ग्रंथालयातल्या एक बाई नेमल्या. त्यांना आम्ही स्रोतबाई म्हणतो (माघारी, आणि तेही दार लावून). त्यांनी पाठ पास केला नाही, तर पुढच्या सत्रात विषय बंद. मी निर्धास्त होतो. मानसशास्त्र शिकवता शिकवता माझे केस पिकले. स्लाइडवर हसरे, रडके, भेदरलेले, एकाहून एक चेहरे. पहिलाच बघून बाईंनी विचारलं, "ही कोण?" म्हटलं, हसणारी बाई. कुठून घेतली? म्हटलं, खाली लिहिलंय की, 'साभार : इंटरनेट'. त्यांनी चष्मा काढून पुसला. "सर, बसस्टॉपवर सापडलेल्या छत्रीवर 'साभार : बसस्टॉप' लिहिलं, की ती तुमची होते का?"

संध्याकाळपर्यंत सगळे चेहरे गेले आणि उरले नुसते भुवया-ओठ दाखवणारे बाण. मग म्हटलं, आपला चेहरा तर आपल्या मालकीचा आहे! आरशासमोर उभं राहून आनंद, भीती, दुःख, आश्चर्य असे फोटो काढले आणि वर्गाला दाखवले. मुलांनी सगळ्यांखाली एकच उत्तर लिहिलं : पोटदुखी. (बायकोला सांगितलं, तर म्हणाली, मुलं हुशार आहेत.)

शेवटी घरातले अल्बम काढले. फोटो मी काढलेले, म्हणजे हक्क माझाच! ऐटीत गेलो. बाई म्हणाल्या, "फोटो तुमचा, पण चेहरा कुणाचा? प्रत्येकाची लेखी संमती आणा." झाली का पंचाईत! बायको 'चिंता'वर सही करेना, तिला 'आनंद' हवा. आणि तो तिच्या भावाने आधीच पटकावलेला. बहीणभावाचं बोलणं बंद झालं. अखेर 'आनंद' दोघांत वाटला (अर्धा चेहरा तिचा, अर्धा त्याचा, मिशी एकाच बाजूला आहे, पण चालतं). खरं सांगू? बाईंवर मी मनातून चिडलो होतो. पण सही करताना मेहुणा म्हणाला, "इतकी वर्षं फोटो काढताय, विचारलंत आज पहिल्यांदा," आणि तो इतका खुलला, की मी चिडायचंच विसरलो.

काल बाईंनी पाठ पास केला. एक स्लाइड तेवढी अडली आहे, पण ते किरकोळ. प्रकृतीला जप.

तुझा लाडका (अजून असेन तर) भाचा

ता. क. अडलेली स्लाइड 'तिरस्कार'ची आहे. तिच्यावर तू आहेस. घर बदलताना काकांनी कपाट जिन्यात आडवं अडकवलं, तो क्षण. वर्गात एकाचंही उत्तर चुकलं नाही. सोबतच्या संमतिपत्रावर सही करून पाठव, म्हणजे विषय वाचेल.

ता. क. २. हे वाचताना तुझा जो चेहरा झाला असेल, त्याचा काकांना ताबडतोब फोटो काढायला सांग. 'संताप'ची स्लाइड अजून रिकामी आहे. खाली काकांचं नाव ठळक देईन.