शनिवारची गोळी

सिस्टर, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली असतील आणि मी स्वतः निवृत्त होऊनही बराच काळ लोटला, तरी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. दुसरं कोणी उरलेलं नाही म्हणून. या घरात ज्यांच्याशी भांडते ते मला "मावशी, बीपी वाढेल" म्हणतात आणि उठून जातात. तुम्ही उठून जात नव्हतात. हातातलं काम न थांबवता सगळं ऐकून घ्यायचात आणि शेवटी एकच वाक्य असं बोलायचात की ते आठवडाभर डोक्यातून जायचं नाही.

सध्या मी दिवेआगरला आहे, माझ्या थोरल्या बहिणीकडे. पावसाळ्यात ताई न्हाणीघरात घसरली आणि खुबा मोडला. पनवेलला ऑपरेशन झालं, हाड व्यवस्थित बसलं, पण घरी आली ती वेगळीच बाई. दिवसभर गप्प असते, आणि उन्हं कलली की ओरडायला लागते. "मला घरी न्या." ज्या घरात पन्नास वर्षं संसार केला त्याच घरात, स्वतःच्या खाटेवर बसून. पनवेलचे डॉक्टर तिला तपासायला चार मिनिटं उभे होते, त्यातली दोन फोनवर. कागदावर आठ औषधं लिहिली आणि खाली झोपेची अर्धी गोळी, "गरज पडल्यास". गरज कोणाची, ते लिहिलं नव्हतं. कुशीवर वळवा, बसवा, पाणी पाजा, चष्मा द्या, तिच्याशी बोला, यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "ते तुम्ही बघालच." आपण आयुष्यभर जे केलं त्याला या लोकांच्या भाषेत नावसुद्धा नाही, सिस्टर.

वादळात इथल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या तेव्हा ताईच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, मोकळ्या पडलेल्या वाडीत चार खोल्या बांधल्या. शनिवार-रविवार पाहुणे येतात, समुद्रावर जातात, मोदक खातात. त्यातल्या कोणीतरी मोबाइलवर लिहिलं की जेवण घरगुती, खोल्या स्वच्छ, पण संध्याकाळी आतून एक म्हातारी ओरडते, मुलं घाबरली. भाच्यानं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मावशी, मी रोज म्हणत नाही. शनिवार-रविवार तेवढी गोळी देत जा."

"आणि सोमवारी तिला उभं करायला तू येणार का?"

"पनवेलला एक सेंटर आहे. चोवीस तास नर्स असतात."

"मग मी कोण आहे?"

"तू रिटायर आहेस गं."

त्याची बायको मवाळ आहे. ती म्हणाली, "आई नाही हो ओरडत मावशी, त्यांचा आजार ओरडतो."

"मग आजाराला पाठवा पनवेलला. ताई इथं राहील."

शेवटी दिवाळीचं बुकिंग सुरू होईपर्यंतची मुदत मिळाली. तोवर गोळीशिवाय ताई संध्याकाळी शांत राहायला लागली तर घरी, नाहीतर सेंटर. गोळ्यांचं पाकीट भाच्यानं स्वयंपाकघरातल्या फळीवर चहाच्या डब्याशेजारी ठेवलं, मला दिसेल असं.

त्या दिवसापासून तुम्ही माझ्या डोक्यात बोलताय. खाडीकाठचा आपला तो कौलारू दवाखाना दिसतो. मी नर्स म्हणून नुकतीच आलेली, कॉन्व्हेंटात शिकलेली, इंग्रजीचा तोरा असलेली. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "इंग्रजी छान आहे तुझं. कुशीवर वळवताना पेशंटशी बोलत जा, त्याची करमणूक होईल." तेव्हा वॉर्डात एक म्हातारा खलाशी होता, उजवं अंग लुळं पडलेलं. त्याच्या खाटेला तक्ता टांगलेला असायचा: दर दोन तासांनी डावी कूस, उजवी कूस, पाठ, आणि शेजारी आपली सही. एकदा मला सहाची एसटी पकडायची होती, म्हणून मी चारलाच सहाच्या खणातही सही ठोकून ठेवली. तुम्ही फिरत फिरत आलात, तक्ता हातात घेतलात.

"सहा वाजले का गं?"

"नाही, सिस्टर."

"मग ही कुठल्या देशातली वेळ? तुझ्या नन लोकांच्या?"

सगळा वॉर्ड हसला. तुम्ही हसला नाहीत. खलाशाला वळवून माझं बोट धरून त्याच्या माकडहाडावर ठेवलंत. तिथं सुपारीएवढा लाल डाग होता. "दाब. पांढरा पडतो का? नाही ना? म्हणजे आत सुरू झालंय." आणि मग मला शेजारच्या रिकाम्या खाटेवर डाव्या कुशीवर झोपवलंत, सहा वाजेपर्यंत. "माशी बसली तरी हात हलवायचा नाही. त्याला हलवता येत नाही." पंधरा मिनिटांत माझा खांदा ठणकायला लागला, अर्ध्या तासात रडू आलं. खलाशी अर्ध्या तोंडानं हसत माझ्याकडे बघतोय. एसटी भोंगा वाजवत गेली ती मी आडव्यानंच ऐकली. मी तुमचा इतका राग केला होता की घरी जाऊन आईला सांगितलं, ती बाई मुद्दाम करते, तिला आपल्या लोकांचा राग आहे.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. "आपल्या लोकांचा" म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या वडिलांनी बौद्ध धर्म घेतलेला, आणि त्या वॉर्डात अशी माणसं यायची जी तुमच्या हातचं पाणी घेत नसत. आमच्याच घराण्यातले एक काका होते. पेला आणायला मला हाक मारायचे. तुम्ही त्यांना रोज धुवून पुसून, पाठीला पावडर लावून कोरडं ठेवायचात. एक दिवस त्यांचा लंगोट बदलता बदलता तुम्ही मला म्हणालात, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "बघ, वरून चालत नाही, खालून चालतं." काकांनी तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी पाणी मात्र त्यांनी तुमच्याकडे मागितलं. तुम्ही दिलंत आणि पुढच्या खाटेकडे गेलात, जणू काही झालंच नाही. मी असते तर आठ दिवस बोलून दाखवलं असतं.

आणि ती बाळंतीण. कोळीवाड्यातली, बाळ पोटातच गेलेलं. बोलत नाही, जेवत नाही, भिंतीकडे बघत बसते. सासू म्हणते बाहेरचं लागलंय, डॉक्टर म्हणतात इंजेक्शन द्या आणि अलिबागला पाठवा. तुम्ही डॉक्टरांकडे दहा दिवस मागून घेतलेत. रोज दुपारी तीन वाजता, ना एक मिनिट आधी ना नंतर, तिला मागच्या पडवीत बसवून तिचे केस विंचरायचात. काही विचारायचं नाही, समजावायचं नाही. मला वाटायचं हे काय नर्सिंग, हे तर न्हाव्याचं काम. नवव्या दिवशी ती म्हणाली, "मना त्याल नको गो बाय, डोका दुखतं." एवढंच. तुम्ही तेलाची बाटली बाजूला ठेवलीत, म्हणालात "बरं," आणि विंचरत राहिलात. मी मागे उभी होते. पुढे एकदा मी विचारलं की नेमकं काय केलंत, तर तुम्ही म्हणालात, "डॉक्टर येतात पाच मिनिटं. गोळी उतरते घशाखाली एका घोटात. बाकीचा दिवस पेशंटनं कोणाबरोबर काढायचा?"

माझ्या लग्नात तुम्ही गॉझच्या कागदात गुंडाळून नेलकटर दिला होतात. सासरच्या बायका हसल्या. "आता नखं वाढवायचा मोह होईल," तुम्ही म्हणालात, "वाढवू नकोस." मी वाढवली नाहीत.

तर ते सगळं मी ताईसाठी केलं. दर दोन तासांनी कूस बदलली, खरोखरची, घड्याळ बघून. चष्मा पुसून डोळ्यांवर, कवळी धुवून तोंडात. उन्हं कलायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावायचे, कारण भिंतीवर सावल्या लांबल्या की ती घाबरते. पाच वाजता कोमट पाण्यात तिचे पाय, आणि मी खाली पाटावर. आया पुरवणाऱ्या ब्यूरोची मुलगी होती मदतीला, माणगावकडची, मनानं चांगली, पण दिवसातून शंभर वेळा सांगायची, "आजी, हेच तुमचं घर आहे." ताई आणखी भडकायची. मी तिला सांगितलं, खोडून काढायचं नाही, विचारायचं. मग मी विचारते, "ताई, घरी आता कोण असेल गं?" ती म्हणते, "आई असेल. चुलीपुढे." "काय करत असेल?" "घावन. मला पहिला देते." पहिला घावन कायम तिला मिळायचा, हे खरंच आहे. आई आजारी असायची तेव्हा घावन ताई घालायची आणि पहिला मला द्यायची, हेही खरं. असं बोलत बोलत अर्धा तास जातो आणि ओरडणं राहून जातं. दुसऱ्या आठवड्यात ती वॉकर धरून ओटीपर्यंत आली. तीन तासांचं ओरडणं एका तासावर आलं. भाचा लांबून बघायचा.

मग ब्यूरोच्या मुलीचं पोर आजारी पडलं आणि ती गेली. नऊ दिवस मी एकटी. ताईची सून खोल्यांचं बघते, स्वयंपाक बघते, तिला मी काय सांगणार. माझा गुडघा सुजला. मागच्या शनिवारी दोन कुटुंबं आलेली, अंगणात मुलं कॅरम खेळत होती. चार वाजताच ताईचं सुरू झालं. मी पेज भरवत होते, तिनं वाटी माझ्या अंगावर उडवली. मी पुसलं. मी विचारलं, "घरी कोण असेल गं?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "ही रांड कोण? हिला बाहेर काढा. हिनं माझ्या आईला मारलं." अंगणातला कॅरम थांबला. मला कळतं की आजार बोलतो. चाळीस वर्षं मी नातेवाइकांना हेच समजावलंय. पण मला न्हाऊ घालणारी, माझ्या वेण्या घालणारी, कॉन्व्हेंटच्या फाटकापर्यंत सोडायला येणारी ती होती, आणि ती मला हे म्हणत होती. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, फळीवरून पाकीट काढलं, एक गोळी मोडली. अर्धीच. चमच्यात चुरून मधात कालवली आणि "ताई, मध आहे" म्हणून दिली. तिनं विश्वासानं चाटून घेतली.

सहाच्या आत घर शांत झालं. मी गरम चहा गरम असताना प्यायले. बाहेर मुलं हसत होती, समुद्राचा आवाज आत येत होता, आणि मला, सिस्टर, ती संध्याकाळ फार आवडली.

रविवारी सकाळी भाचा आला. हात जोडले. "मानलं तुला मावशी. काल सहानंतर एक हूं नाही की चूं नाही, आणि गोळीशिवाय. मी उगाच सेंटरचं डोक्यात घेतलं होतं. त्यांना आजच फोन करून नाही म्हणतो." सून वाकून पाया पडली. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "पाय बुडवायचं पाणी कोमट लागतं, कढत नाही. तेवढं शिकून घे." माझा आवाजसुद्धा बदलला नाही. आत ताई तोंड उघडं टाकून झोपलेली होती. दहा वाजता उठवली तर तिला चमचा धरता येईना. दोन दिवस ती ओटीपर्यंत आली नाही. सून म्हणाली, "थकल्या असतील," आणि मी मान हलवली.

उद्या शनिवार. चारही खोल्या भरलेल्या आहेत. भाच्याला खरं सांगितलं तर तो सेंटरला पुन्हा फोन करील, आणि त्याचं फार चुकेल असंही म्हणवत नाही. न सांगितलं तर त्याला दर शनिवारी तशीच शांतता लागेल, आणि ती कुठून आणायची ते फक्त मला माहीत आहे. तुम्ही असतात तर दुसरं काही बोलला नसतात, गोळी कोणाला हवी होती एवढंच विचारलं असतंत. मला हवी होती. पनवेलच्या डॉक्टरला, भाच्याला, त्या मोबाइलवर लिहिणाऱ्या पाहुण्याला मी इतके दिवस शिव्या घालतेय, पण चमचा माझ्या हातात होता.

हे कागद मी सकाळी बंबात घालीन. सून मराठी नीट वाचते, इथं ठेवून चालणार नाही. आणखी एक सांगायचं राहिलं. त्या गोळीची उरलेली अर्धी मी पाकिटात परत ठेवली नाही, कोणाच्या लक्षात येईल म्हणून फेकायला बाहेर घेऊन गेले होते. ती माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. अजून फेकलेली नाही.