झिपरीच्या हृदयाची झडप

चंद्रपूर,
१४ ऑक्टोबर २००४

प्रिय मंजू,

तुझी झिपरी बरी आहे. आधी हेच लिहिते, नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागेल. सोमवारी बापूजी तिला घेऊन माझ्या दवाखान्यात आले होते. हो, तुझे बापूजी! मूल गावाहून एसटीनं, पिशवीतून तिचं पांढरं तोंड बाहेर काढून. कंडक्टर कुरकुरला तेव्हा म्हणाले म्हणे, "माह्या पोरीची कुत्री आहे, खाली नाई ठेवत."

त्यांना दारात पाहून मी गडबडलेच. तू फैजशी लग्न केलंस त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, आणि मी तर फैजची सख्खी बहीण. पण कुत्र्याचं हृदय मशीनवर पाहणारं दुसरं कोणी त्यांना सापडलं नाही. "दोन महिन्यांपासून खोकून राह्यली," ते म्हणाले. "सांग बाई, जगंन काय?" आणि भिंतीकडे पाहत उभे राहिले.

छातीला नळी लावली तर ठोक्याबरोबर फुसफुस ऐकू आली. अशा लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप जाड होते, नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. त्यानं हृदय फुगलं असेल तर खोकला म्हणजे वाईट खूण. पण किती फुगलंय ते नुसत्या कानाला कळत नाही, म्हणून सोनोग्राफी.

त्यासाठी अब्बांनी खास टेबल करून दिलंय, मधोमध वाटीएवढं भोक असलेलं. झिपरीला उजव्या कुशीवर निजवलं, खालून भोकातून मशीनचा प्रोब छातीला लावला. बापूजींनी तिचे पुढचे पाय धरले आणि "उगी राय मा, उगी राय," सुरू केलं. ती उगी राहिली. त्यांचंच पुटपुटणं थांबेना. पडद्यावर हृदय दिसलं, झडपेची दोन पानं उघडमीट करताना दिसली. बापूजी वाकून पाहत राहिले. "हे कोन टाळ्या वाजवून राह्यलं?" मी सांगितलं, तीच ती झडप. मग बराच वेळ त्यांची पापणी लवली नाही.

झडप जाड होतीच. माझ्या जुन्या मशीनवर गळतं रक्त रंगात दिसत नाही, पण डावा वरचा कप्पा मोजता येतो. शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीशी ताडून मी तो तीनदा मोजला. मंजू, तो फुगलेलाच नव्हता! मी एकटीच हसत सुटले. मग झिपरीच्या गळ्याला हात लावून पाहिला आणि लगेच तिला ढास लागली. श्वासनळी सैल झालीय, आणि तिच्यावर बापूजींनी लाडानं घट्ट बांधलेला, घुंगरांचा पट्टा! हृदयाचं औषध सध्या नको. पट्टा छातीवरून बांधायचा, वजन उतरवायला दूधभात निम्मा करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. "निम्मा?" बापूजींचा चेहरा पडला. "नाराज होईन ना ते!"

तेवढ्यात अम्मी चहा घेऊन आली. आमच्या घरचा चहा ते घेतील की नाही, मला धास्ती. त्यांनी कप घेतला, बशीत ओतून प्यायले. अम्मी हळूच म्हणाली, "भाऊ, मंजू को छठा महीना लगा है." बशी तशीच हातात राहिली. मग त्या बंद पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "त्या लेकराचंबी असंच दिसते काय, बाई? टाळ्या वाजवताना?" मी हो म्हटलं. ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसत हसायला लागले आणि अम्मीही पदर तोंडाला लावून हसू लागली.

जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "मी गेलो तर मंजू दार उघडंन काय? इचारून पाय." मी फोन उचलायला निघाले, तर अडवलं. "फोन नोको. चिठ्ठी लिही. चिठ्ठीले माणूस इचार करून उत्तर देते." म्हणून हे पत्र. धान कापून झालं की नाशिकला येतो म्हणतात, झिपरीसकट. मी त्यांना तुझ्या वतीनं काहीच कबूल केलेलं नाही. दोन वर्षं तू सोसलंस, उत्तर तुझंच. पण मंजू, ते म्हणे रोज मूलच्या पोस्टात तुझं उत्तर आलं का, चौकशी करून राह्यले आहेत, आणि मी तर हे पत्र अजून पेटीतही टाकलेलं नाही.

तुझी मैत्रीण आधी, नणंद नंतर,
तुझीच
तहसीन